पोट बांधलेली घोडी

घोडीचं आतडं माझ्या पदरात होतं आणि नवरा म्हणत होता, सोड.

मी तिच्या पोटाखाली उकिडवी बसले होते. वर तिचं पोट, खाली रस्ता, मध्ये मी. डाव्या जांघेच्या पुढं कातडी ओठासारखी उघडली होती आणि तिथून आतड्याचं एक वेटोळं बाहेर आलं होतं. ते गरम होतं, ओलं होतं आणि हलत होतं. पदराची झोळी करून मी ते वरच्या वर धरलं होतं. खाली लोंबलं असतं तर स्वतःच्या ओझ्यानं आणखी ओढत आलं असतं, एवढं कळायला शाळा लागत नाही. घोडी थरथरत होती, पण उभी होती. एक लाथ घातली असती तर हे सांगायला मी उरले नसते. त्या दिवशी तिनं लाथ मारली नाही. पुढे बरी झाल्यावर मारल्या.

"सोड वं," नवरा म्हणाला. "गेली ती. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. तुम्ही पानी आना."

हे असोद्याला झालं, आमच्या घरासमोर. जळगावला तेव्हा रिक्षा सुरू झाल्या होत्या, पण आमच्याकडची माणसं अजून टांग्यातच बसायची. नवरा असोदा ते जळगाव टांगा हाकायचा, आणि लग्नसराईत टांगा सोडून घोडी नवरदेवाखाली द्यायचा. घोडी पांढरी होती, म्हणून तिला मागणी होती. तिला आम्ही नाव ठेवलेलं नव्हतं. पांढरी म्हणायचो. मला तिची फार माया होती असं कोणी समजू नये. ती चावायची. गोठ्यात खराटा घेऊन गेलं की आधी कान मागं टाकायची आणि मग दात दाखवायची. पण घरात आलेलं जनावर होतं आणि घर तिच्यावर चाललं होतं.

त्या दिवशी दुपारी वरात आमच्या दारावरून निघाली होती. आम्हालाही लग्नाचं बोलावणं होतं, म्हणून मी नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी होते. समोरून केळीचे घड भरलेली बैलगाडी आली आणि वरातीला वाट द्यायला कडेला थांबली. एकानं फटाक्यांची माळ लावली, ती नेमकी बैलांच्या पायाशी. उजवीकडचा बैल जू झटकून निघाला. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं साळून टोकदार करतात आणि वर रंग देतात. त्या बैलाच्या शिंगाला अजून पोळ्याचा निळा रंग होता. ते शिंग घोडीच्या पोटात गेलं आणि बैल मान वर करून पुढं निघून गेला.

नवरदेव गटारात पडला. त्याला काही झालं नाही.

बायकांनी पोरांचे डोळे झाकले आणि स्वतः पाहत राहिल्या. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. नवरदेवाचा बाप पुढं आला आणि माझ्याशी न बोलता नवऱ्याला म्हणाला की हे रक्त मांडवाच्या वाटेवर सांडलंय, अपशकुन आहे, जनावर आधी नाल्याकडे न्या. आमच्या गावात मरायला टेकलेलं जनावर नाल्यापलीकडे नेऊन सोडायची पद्धत होती. नवऱ्यानं लगाम हातात घेतला.

मी खालूनच म्हणाले, "मांडवाची वाट बदला. मी उठत नही."

माझ्या अंगावर पदर नव्हता. तो घोडीच्या पोटाखाली होता. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर मी उघड्या डोक्यानं बसले होते, आणि नंतर पुष्कळ दिवस गावात बोललं गेलं ते त्याबद्दल, घोडीबद्दल नाही.

डॉक्टरला बोलवायचं नवरदेवानंच सांगितलं, हे मी कबूल करते. गटारातून उठला, कपाळावरच्या मुंडावळ्या एका कानावर आलेल्या, कोट चिखलानं भरलेला, आणि आपल्या दोस्ताला म्हणाला, गाडी काढ, जळगावहून गुरांचा डॉक्टर घेऊन ये. बाप म्हणाला, मुहूर्त जाईल. तो म्हणाला, "जाऊ द्या. मी बसलो होतो तिच्यावर." दोस्त मोटरसायकलवर गेला. मग नवरदेव पायी मांडवात गेला. वाट त्यांना बदलावीच लागली.

डॉक्टर येईपर्यंत मी बसून होते. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, घरातून आल्या. त्या धुळ्याकडच्या. सगळं आयुष्य असोद्यात गेलं तरी तोंडातली बोली तिकडचीच राहिली. त्यांनी लग्नाच्या चुलाणावरून उकळलेलं पाणी मागून आणलं, त्यात मीठ टाकलं, ते निवू दिलं आणि धुतलेलं धोतर त्यात बुडवून माझ्या हातातल्या आतड्यावर ठेवलं.

"वलं ठेव," एवढंच म्हणाल्या. "सुकू देऊ नको."

नवरा ओट्यावर जाऊन बसला. विडी पेटवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला एखादी गोष्ट संपली असं वाटलं की ती संपायची, पुढं तो काही करत नसे. मला तसं कधी जमलं नाही.

डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा. खाली वाकून बघितलं, बोट लावलं, हुंगलं. म्हणाला, आतडं कुठं फाटलेलं नाही. मी विचारलं, जगेल का. म्हणाला, "जगेल असं मी सांगणार नाही. करून बघण्यासारखं आहे, एवढं सांगतो."

"मग करा."

त्यानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा विडीकडे बघत होता. मग डॉक्टरनं माझ्याकडेच बघून कामाचं सांगायला सुरुवात केली.

अंगणात शेजारच्या मळ्यातली केळीची ताजी पानं अंथरली, कारण तेवढी स्वच्छ दुसरी कोणतीच गोष्ट आमच्याकडे नव्हती. मी आतडं धरून बाजूबाजूनं चालत आणि घोडी एक एक पाय टाकत, अशा आम्ही अंगणात आलो. सुई दिली, दोरांनी पाय बांधून तिला आडवी केली. डॉक्टरनं मला औषधाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. उजेड जायच्या आत उरकायला हवं होतं, म्हणून तो भराभर काम करत होता. आतडं धुतलं, आत सरकवलं. आत जायला ते नाही म्हणत होतं. पिठाच्या डब्यात जास्तीचं पीठ दाबावं तसं दाबावं लागलं. मग आतली शिवण, मग त्यावरची, मग कातडीची. मी गोधड्या शिवते, मला टाका कळतो. त्याचा टाका चांगला होता.

घोडी उठून उभी राहिली तेव्हा उन्हं कलली होती. मला वाटलं, झालं. डॉक्टर म्हणाला, आता खरं काम आहे.

त्याचं म्हणणं असं: माणसाला टाके घातले की तो खाटेवर आडवा पडतो, पोट पाठीवर टेकतं, टाक्यांना आराम मिळतो. घोडी आडवी पडून राहत नाही, ती उभीच राहणार. तिचं पोट म्हणजे चार खांबांत टांगलेली भरलेली कणगी. सगळं ओझं शिवणीवर येणार आणि शिवण उसवणार. म्हणून खालून कोणीतरी उचलून धरलं पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे पट्टा. मुंबईला शर्यतीच्या घोड्यांसाठी असले तयार पट्टे असतात म्हणे. इथं गोधडी घ्या. मग त्यानं काटकीनं मातीत घोडी काढली आणि पट्टा काढून दाखवला. पुढच्या पायाच्या कोपरापासून आचळांपर्यंत रुंद हवा. गाठी पाठीच्या कण्यावर येऊ द्यायच्या नाहीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवायच्या. आणि पट्ट्याला पुढून छातीवरून एक बंद हवाच. आत सपाट हात जाईल इतकं घट्ट, त्याहून जास्त नाही.

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. डॉक्टर मोटरसायकलवर बसून गेला तशा म्हणाल्या, "पोट बांधनं आमले शिकाडस."

आमच्या आळीतल्या बाळंतिणींची पोटं त्याच बांधायच्या, हे खरं. बाळंतपण झालं की जुन्या मऊ लुगड्याची लांब पट्टी फाडायची, बाईला खाटेवर निजवायची आणि ओटीपोटापासून वर वर वेढे द्यायचे, खाली सगळ्यात घट्ट. सव्वा महिना रोज. बांधलं की पोट जागेवर येतं, कंबर धरते, बाई पुन्हा पाण्याला जायला लायक होते. त्यांच्या हाताला गुण होता. लांबून बोलावणी यायची.

माझं तिसरं बाळंतपण याच घरात झालं. मुलगी झाली, मेलेली. तेव्हा लुगडं फाडलं गेलं नाही. मूल नाही तर बाळंतीण कसली, असं कोणी तोंडानं म्हणालं नाही, पण खाट लवकर उचलली आणि माझ्या हातात घागर आली. माझं पोट तेव्हापासून सैल. बेंबीशी एक गोळा येतो, खोकलं की पुढं होतो, जड उचललं की दुखतो. त्याबद्दल मी आत्याबाईंना कधी काही बोलले नव्हते. त्या दिवशी त्या लुगड्याला दात लावून पट्टी फाडायला लागल्या तेव्हा तो फाटण्याचा आवाज मला सहन झाला नाही.

मी म्हणाले, "माझं बांधलं नही तुम्ही. हिचं तरी नीट बांधा."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता शिव्या येतील. त्या खाली बघून म्हणाल्या, "तवय मन्हं कोन आयके?"

खरं असेल, खोटं असेल. सासरे तेव्हा जिवंत होते आणि घरात त्यांचाच शब्द चालायचा, हे खरं. घोडीच्या एका बाजूला त्या गेल्या, एका बाजूला मी, आणि आम्ही पट्टा खालून घालून वर गाठ मारली.

छातीवरचा बंद आम्ही घातला नाही. बाईचं पोट बांधताना छातीला कोण बांधतं? आम्हाला वाटलं, डॉक्टर पुस्तकातलं सांगतोय. आणि घट्ट बांधलं मागच्या बाजूला, खाली, जसं बाईचं बांधतात तसं.

सकाळी जाऊन बघते तर पट्टा मागं सरकून जांघेत दोरासारखा गोळा झाला होता. बाईला कंबर असते, पट्टा तिथं अडतो. घोडी मागं निमुळती होत जाते, तिच्यावर पट्टा थांबेल कशाला? जखम उघडी, वर माश्या, आणि पट्ट्यानं मांडीपाशी सालटं काढलेलं. आम्ही तो पुढं ओढला, आणखी घट्ट केला. संध्याकाळपर्यंत पुन्हा मागं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आत्याबाईंनी ठरवलं होतं की पोट बांधलं म्हणजे बाळंतीण, आणि बाळंतीण म्हणजे बाळंतिणीचं सगळं. गोठ्याच्या झरोक्यात त्यांनी गोणपाट कोंबलं, वारा लागू नये म्हणून. शेगडीत ओवा टाकून घोडीच्या पोटाखाली धुरी दिली. आणि मी शेतावर लसूणघास आणायला गेले तेव्हा बाजरीची घुगरी शिजवून, गूळ आणि डिंक घालून, घमेलंभर खाऊ घातली. डॉक्टरनं कोंडा आणि थोडा थोडा घास सांगितला होता. मी परत आले तर घोडी घमेलं चाटत होती आणि आत्याबाई समाधानानं हात पुसत होत्या.

"तिच्यात ताकद येवाले पाहिजे," म्हणाल्या. "बाळंतीणच शे ती आते."

दुसऱ्या दिवशी घोडीचं पोट फुगलं. पट्टा मागं रुतलेला आणि त्याच्यापुढं पोट नगाऱ्यासारखं. ती पुढचा पाय खणायची, मान वळवून पोटाकडे बघायची, गुडघे मोडायला जायची आणि पुन्हा उठायची. घामानं काळी पडली. कातडीचे दोन टाके तुटले होते आणि शिवणीच्या कडेला आतून एक उंचवटा आला होता. मी पट्टा सोडला तर पोट खाली येतं, बांधला तर श्वास अडतो. मी दोन्ही तळहात त्या उंचवट्याखाली लावून उभी राहिले. पुन्हा तिथंच आले, हात तिच्या पोटाखाली.

शेजारच्या माणसाला सायकलवर डॉक्टरकडे पाठवलं. तेवढ्यात नवरा दोर घेऊन आला. त्याच्याबरोबर पारावरची दोन माणसं होती. समजावणीच्या सुरात बोलू लागली. जनावराचे हाल बघवत नाहीत. पाप लागतं. ती चालतेय तोवर नाल्याकडे नेऊ, पडली तर उचलायला दहा माणसं लागतील. त्यांचं शेवटचं म्हणणं खोटं नव्हतं. नवरा गोठ्याच्या दारात आला आणि घोडीच्या गळ्यात घालायला दोराचा फास मोकळा करायला लागला. त्याचे डोळे लाल होते. त्याला घोडीची माया होती, हेही मला सांगितलं पाहिजे. म्हणूनच त्याला लवकर संपवायचं होतं.

मी हात काढू शकत नव्हते, म्हणून त्याला अडवायला जाऊ शकत नव्हते. नुसती बोलले. "दोर ठेवा. जायाची असंन तर ही पट्टा बांधून इथून जाईन. नाल्यावर नही."

"तुले डॉक्टरनं सांगितलं का वाचंन म्हून?"

"नही सांगितलं."

"मंग?"

"मंग काही नही. मरंन तर माझ्या हातावर मरंन."

तेव्हा आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, लेकाच्या बाजूनं बोलतील. नेहमी बोलायच्या. त्या दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या. ऐसपैस, मांडी घालून. त्यांना ओलांडल्याशिवाय आत यायला वाट नव्हती, आणि आईला ओलांडून जायची आमच्याकडे कोणाची हिंमत नाही. पारावरची माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. नवरा दोर खांद्यावर टाकून ओट्यावर बसला.

डॉक्टर आला. घमेल्यात चिकटलेली बाजरी बघितली, शेगडी बघितली, झरोक्यातलं गोणपाट बघितलं, मांडीपाशी रुतलेला पट्टा बघितला. त्यानं आवाज चढवला नाही, पण तोंड पांढरं झालं होतं.

"आजी, ही बाळंतीण नाही," तो म्हणाला. "हिला मूल झालेलं नाही. हिला शिंग लागलंय."

आत्याबाई म्हणाल्या की त्यांच्या हातून आजवर एकही बाळंतीण गेलेली नाही. डॉक्टर म्हणाला, घोडी जाईल. मग मला विचारलं, छातीचा बंद कुठंय? मी म्हणाले, घातला नाही. का, ते सांगितलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

नळीनं तिच्या पोटात औषध आणि तेल घातलं. झरोका उघडला. पट्टा सोडून नवऱ्याची धोतरं चौपदरी करून पोटाखालून घेतली, दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसांनी टोकं धरली आणि तशीच तिला अंगणात हळूहळू फिरवली. धरणाऱ्यांत नवरा होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. दोर खाली ठेवून आला आणि धोतराचं टोक हातात घेतलं. असे किती फेरे झाले ते मी मोजले नाहीत. कधीतरी घोडीनं शेपटी उचलली आणि इतका मोठा वारा सोडला की पारावरचे म्हातारे दचकून बघू लागले. मग दुसरा. मग लीद टाकली. डॉक्टर हसला, पहिल्यांदाच.

"देव पावना," आत्याबाई म्हणाल्या, आणि नाकाला पदर लावून आत गेल्या.

डॉक्टरनं तुटलेले टाके पुन्हा घातले आणि जायच्या आधी मला म्हणाला की आता पट्टा असा शिवा की मला पुन्हा सांगावं लागू नये. मला राग आला. पण राग आला म्हणून शिवण वाकडी घालायची नसते. माझ्याकडे चार पदरी गोधडी होती, मुलांच्या अंगावरची. ती उभी कापली. मध्ये रुई भरली, कारण जखमेखाली मऊ हवं आणि आमच्याकडे कापसाला तोटा नव्हता. दोन्ही टोकांना जुन्या लुगड्याचे बंद लावले, एकेक बंद वेगळा, म्हणजे पुढचा सैल आणि मागचा घट्ट असं हवं तसं करता येईल. पुढून टांग्याच्या साजातला छातीवरचा चामडी पट्टा दाभणानं शिवून टाकला. नवरा म्हणाला, साज मोडला. मी म्हणाले, घोडी राह्यली तर साज. तो दाभणात दोरा ओवून द्यायला लागला.

ओट्यावर बसून शिवत होते तर येणारा जाणारा थांबायचा. एक जण म्हणाला, "काय वं वहिनी, घोडीले चोळी शिवून राह्यली का?"

"व्हय. तुमच्या घरी माप घ्याले येऊ का?"

तो पट्टा सरकला नाही. मी असे दोन केले, एक अंगावर, एक उकळत्या पाण्यात. रोज सकाळी सोडायचा, जखम धुवायची, औषधाची पूड टाकायची, पुन्हा बांधायचा, सपाट हात घालून बघायचा. जखमेला मधे पू झाला. वास इतका यायचा की माझ्या हातची भाकरी घरात कोणी आनंदानं खात नसे. खाल्ली तर खा, नाही तर उपाशी राहा, असं मी सांगितलं. घोडीला बरं वाटायला लागलं तशी ती चावायला लागली. माझ्या डाव्या खांद्यावर तिचा दात उमटलेला अजून आहे.

पट्टा एकटीला बांधता येत नाही. एका बाजूनं बंद द्यायचा, दुसऱ्या बाजूनं कोणीतरी घ्यायचा. दुसऱ्या बाजूला आत्याबाई असायच्या. मला त्यांचं तोंड दिसत नसे, त्यांना माझं. मध्ये घोडी. तिच्या पोटावरून आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधी कधी बोललो नव्हतो, आणि बहुतेक ते भांडणच होतं. तू सैल ओढतेस, तुम्ही घट्ट ओढता. मुलीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. एकदा मात्र पट्टा बांधून झाल्यावर त्या माझ्या बाजूला आल्या, माझ्या बेंबीशी लुगड्यावरूनच हात दाबला, तो गोळा चाचपला, आणि म्हणाल्या, "आते बांधीसन उपयोग नही." मी म्हणाले, माहीत आहे मला. त्यांनी हात काढून घेतला आणि लीद भरायला गेल्या.

पावसाळा येईपर्यंत घोडीची जखम भरली. शिवणीपाशी मुठीएवढा फुगवटा राहिला तो राहिलाच. डॉक्टरनं दाबून बघितलं आणि म्हणाला, आतली शिवण थोडी ढिली झाली आहे, त्या फुगण्याच्या दिवशी झाली असणार. पट्टा बांधून हलकं काम करेल. पट्ट्याशिवाय कामाला जुंपू नका.

वरातीला तिला परत कोणी बोलावलं नाही. नवरदेवाला पाडणारी, मांडवाच्या वाटेवर रक्त सांडणारी, पोटाला पट्टा असलेली घोडी कोणाला हवी? ज्याच्या लग्नात हे झालं तो मात्र रस्त्यात दिसला की घोडीची चौकशी करायचा. नवऱ्यानं टांगा सोडला. पट्टा बांधलेली घोडी गावातून हाकताना त्याला लाज वाटायची. तो सावद्याला केळीच्या गाड्या भरायच्या कामाला जाऊ लागला. मग टांगा मी हाकला. असोद्याहून जळगावच्या बाजारापर्यंत, बसायला बायका आणि भाजीच्या पाट्या, जड माल नाही. पुरुष सुरुवातीला बसत नसत. बाईनं हाकलेल्या टांग्यात, त्यातून अशा घोडीच्या, कोण बसणार? मी बसा म्हणून कोणाला म्हणाले नाही. उन्हात चालत जायचं त्यांनीच ठरवलं होतं. उन्हानं काही जणांचं मत बदललं.

घोडीचा जुना पट्टा झिजला तेव्हा मी त्यातला चांगला भाग कापून घेतला, बंद लावले आणि लुगड्याखाली माझ्याच पोटाला बांधला. तो गोळा काही गेला नाही. आत्याबाई म्हणाल्या ते खरं होतं, उशीर झाला होता. पण जड उचलताना दुखायचं ते कमी झालं. विहिरीवर बायका हसल्या, घोडीचं घातलं म्हणाल्या. मी म्हणाले, घोडीचं आहे म्हणूनच टिकलं. त्यातल्या दोघी नंतर एकेकट्या घरी आल्या आणि पोट दाखवून म्हणाल्या, असा मला शिवून देता का अक्का. मी शिवून दिला. त्यांच्या घरी काय झालं होतं ते मी विचारलं नाही.

आत्याबाई त्यानंतर काही वर्षांनी गेल्या, झोपेत. नवरा गेला तो सावद्याला, छातीत कळ येऊन. मी पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. डॉक्टरची बदली धुळ्याला झाली होती, त्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही.

घोडी जगली. तिला टांग्यातून सोडलं तेव्हा तिचे दात झिजले होते आणि जळगावच्या रस्त्यावर टांगे उरले नव्हते. त्यानंतरही ती गोठ्यात पुष्कळ दिवस उभी होती, पट्टा बांधून. मग म्हातारी होऊन मेली. मी अजून आहे.